भाजीचा वाफा जिवंत करताना

वाफसा (जमीन फार ओलीही नाही, फार कोरडीही नाही अशी स्थिती) आला की वाफ्याच्या मधोमध ३० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल असा मातीचा ठोकळा फावड्याने काढायचा आणि गोणपाटावर ठेवायचा. थकलेली माती जिवंत करून चवदार भाजी घेण्याचं आमचं काम नेहमी इथून सुरू होतं. वाफसा आहे की नाही हे मूठभर माती दाबून कळतं: गोळा होतो, पण अंगठ्याने दाबला की फुटतो, तेव्हा जमीन कामाला योग्य. गोळा न फुटता चपटा झाला तर त्या दिवशी जमिनीला हात लावायचा नाही. ओल्या चिकण मातीवर एकदा चाललं तरी ती जी घट्ट दबते ती मोकळी करायला पूर्ण हंगाम जातो.

ठोकळा हाताने हळूहळू मोडताना बरंच काही दिसतं. थकलेल्या जमिनीत वरचे पाच-सात सेंटिमीटर भुकटीसारखे, खाली धारदार कडांची ढेकळं, आणि पंधरा-वीस सेंटिमीटरवर एक घट्ट थर. मुळं या थरापर्यंत येतात आणि आडवी वळतात. वास जवळजवळ नसतोच, पाणी साचत असेल तर आंबूस येतो. जिवंत मातीचं ढेकूळ बोटांत घेतलं की त्याचे वाटाण्याएवढे, ज्वारीएवढे गोलसर कण सुटतात. बारीक मुळांना माती चिकटलेली असते, झटकली तरी पूर्ण पडत नाही. पहिल्या पावसाचा म्हणून जो वास आपण ओळखतो तोच तिला असतो. तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि हे द्रव्य मातीतले तंतूसारखे वाढणारे जिवाणू तयार करतात. ठोकळ्यातली गांडुळं मोजावीत. ओल असताना दहा-बारा सापडली तर जमीन ठीक. दोन-तीनच निघाली तर बरंच काम बाकी आहे. भर उन्हाळ्यात मोजू नये, कारण तेव्हा ती खोल जातात आणि आकडा फसवतो.

आणखी दोन चाचण्या त्याच दिवशी उरकतात. वाळलेलं ढेकूळ तारेच्या गाळणीत ठेवून पाण्याच्या बरणीत सोडायचं. पाच मिनिटांत विरघळून तळाला गाळ झाला तर मातीचे कण धरून ठेवणारा डिंक संपला आहे. हा डिंक जिवाणू आणि बुरशी बनवतात, खताच्या पोत्यातून तो येत नाही. दुसरी चाचणी पाणी मुरण्याची. दोन्ही बाजूंनी उघडा, १५ सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा जमिनीत थोडा ठोकायचा आणि आत ४४० मिलिलिटर पाणी ओतायचं. इतकं पाणी म्हणजे २.५ सेंटिमीटर पाऊस. ते मुरलं की तेवढंच पुन्हा ओतायचं आणि या दुसऱ्या पाण्याची वेळ नोंदवायची. दहा मिनिटांत गेलं तर उत्तम. तासाभरानंतरही उभं असेल तर मोठ्या पावसात पाणी आत शिरणार नाही, माती घेऊन बाहेर जाईल.

प्रयोगशाळेचा अहवालही हवाच. दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे १५ सेंटिमीटर खोल खड्डे घेऊन कडेची पातळ चकती काढायची, सगळी माती एकत्र करून चौथाई पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं पुन्हा पुन्हा) अर्धा किलोवर आणायची. सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा विम्ल), विद्युत वाहकता (क्षार किती), सेंद्रिय कर्ब (सेंद्रिय पदार्थातला कार्बन) आणि स्फुरद (फॉस्फरस) या चार आकड्यांकडे आधी बघावं. सामू ६ ते ७ च्या दरम्यान असेल तर बहुतेक भाज्या खूश असतात. साडेसातच्या वर गेला की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. स्फुरदाचं महत्त्व पुढे येईल.

आता, एवढी खटपट कशासाठी? आमच्या मते भाजीच्या चवीचा निम्मा प्रश्न वेगाचा असतो. नत्र (नायट्रोजन) किती आहे याइतकंच ते कोणत्या गतीने सुटतं हे महत्त्वाचं, आणि ती गती मातीतले जीव ठरवतात. मूळ आपल्या टोकापाशी साखर सोडतं. त्या साखरेवर जिवाणू वाढतात. जिवाणूच्या शरीरात पाच भाग कर्बाला एक भाग नत्र, म्हणजे नत्र भरपूर. त्यांना खाणाऱ्या एकपेशीय जीवांना आणि धाग्यासारख्या सूक्ष्म सूत्रकृमींना एवढं नत्र लागत नाही, म्हणून उरलेलं ते अमोनियमच्या रूपात तिथेच, मुळाच्या अगदी जवळ टाकून देतात. (सूत्रकृमी म्हटलं की आपल्याला मुळांवरच्या गाठी आठवतात. पण मातीतले बहुसंख्य सूत्रकृमी जिवाणू, बुरशी किंवा एकमेकांना खाऊन जगतात, पिकाला हात लावत नाहीत.) रोप वाढत असेल तेव्हा साखर जास्त, म्हणून नत्रही जास्त. ऊन-पाणी कमी झालं की दोन्ही मंदावतात. जमीन १० अंश सेल्सिअसने तापली की हे काम साधारण दुप्पट वेगाने चालतं, आणि पीकही नेमकं तेव्हाच जोरात असतं.

युरिया किंवा कच्चं कोंबडीखत टाकलं की हा मेळ बिघडतो. नायट्रेट, म्हणजे नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप, एकदम उपलब्ध होतं, मुळं ते पाण्याबरोबर ओढून घेतात. त्या नत्राची प्रथिनं करायला पानातली साखर खर्ची पडते. पेशी मोठ्या आणि पातळ भिंतींच्या होतात. पान गडद, लुसलुशीत आणि पाणचट होतं, जीवनसत्त्व क सुद्धा घटतं. पानातल्या रसात मोकळी अमिनो आम्लं वाढली की मावा ही रस शोषणारी कीड येते, आणि ती कुठल्या वाफ्यावर आधी आली हे बघून जास्त नत्र कुठे पडलं ते ओळखता येतं. उलट बाजूला, मातीत नुसता भुसा किंवा काड मिसळलं तर जिवाणू ते कुजवण्यासाठी मातीतलंच नत्र उचलतात आणि पीक उपाशी राहतं. खालची पानं पिवळी पडायला लागतात. पुढची सगळी कामं या दोन टोकांच्या मध्ये राहण्यासाठी आहेत.

पहिलं काम घट्ट थर मोकळा करण्याचं. वाफे १.२ मीटर रुंद आणि मधली वाट ४५ सेंटिमीटर ठेवतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही. चार दात्यांचा मजबूत फोर्क २५ ते ३० सेंटिमीटर आत घुसवायचा, दांडा मागे ओढून माती नुसती उचकटायची आणि फोर्क बाहेर काढायचा. पुढची टोचणी १५ सेंटिमीटरवर. माती उलटायची नाही. उलटली की वरचे हवेत राहणारे जीव खाली गुदमरतात, बुरशीचं जाळं तुटतं, आणि एकदम हवा मिळाल्याने साठलेला कर्ब भराभर जळतो. रोटाव्हेटर फिरवल्यावर पहिलं पीक जोरात येतं ते याच जळण्यावर. पुढच्या पिकाला ती शिल्लक नसते, आणि पात्यांच्या खालच्या पातळीवर नवा घट्ट थर तयार होतो.

दुसरं काम कंपोस्ट, आणि इथे घाई सगळ्यात महाग पडते. ढीग कमीत कमी एक मीटर लांब, रुंद आणि उंच हवा, नाहीतर आतली उष्णता टिकत नाही. कर्ब-नत्राचं गुणोत्तर २५ ते ३० भागांना एक असं साधायचं असतं. वजनकाट्याशिवाय हे आकारमानाने जमतं: दोन ते तीन टोपल्या वाळका पाला किंवा तुकडे केलेलं काड, एक टोपली ताजं शेण किंवा हिरवा कापलेला पाला. वाळक्याचा वीतभर थर, त्यावर चार बोटं हिरवं, पाण्याचा शिडकावा, पुन्हा तेच. ओलावा तपासायला मूठभर घेऊन पिळायचं. बोटांच्या फटीत दोन-चार थेंब दिसावेत, धार लागू नये. भुसा वापरायचाच तर मूठभर, कारण त्याचं गुणोत्तर चारशेच्या आसपास असतं आणि तो अख्ख्या ढिगाला थंड करतो.

दोन ते चार दिवसांत आतलं तापमान ५५ अंशांवर जायला हवं. लांब दांड्याचा तापमापक नसेल तर लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढावी. हातात धरवत नसेल तर ढीग तापला आहे. ६५ च्या वर गेला किंवा ५० च्या खाली आला की उलथायचा, कडेचा माल आत आणि आतला कडेला. ५५ अंशांच्या वर १५ दिवस आणि त्या काळात पाच वेळा उलथणं, इतकं झालं की तणांचं बी आणि बहुतेक रोगजंतू मरतात. डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झालं आहे आणि हवेत चाललं आहे, वाळका पाला मिसळावा. कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा नाही, उलथून जाडसर काड घालावं. आत राखेसारखी पांढुरकी, कोरडी पट्टी दिसली तर ढीग तहानलेला आहे. यातला कोणताही बिघाड दोन दिवसांत सुधारतो, फक्त लक्ष पाहिजे.

तापणं थांबलं म्हणजे कंपोस्ट तयार झालं असं नव्हे. पुढे दोन ते तीन महिने ते झाकून, ओलसर ठेवून मुरू द्यावं. तयार झाल्याची खूण अशी की उलथलं तरी पुन्हा तापत नाही. ओलसर मूठभर कंपोस्ट पिशवीत बंद करून तीन दिवसांनी उघडलं तर मातीचा वास यावा, आंबूस येऊ नये. वापरण्याआधी एक चाचणी कधीच चुकवू नये. अर्धं कंपोस्ट आणि अर्धी माती भरलेल्या कुंडीत, आणि शेजारी नुसत्या मातीच्या कुंडीत, मुळ्याचं वीस-वीस बी आणि घेवड्याचं पाच-पाच बी टाकायचं. मुळा कमी उगवला तर कंपोस्ट कच्चं आहे. घेवड्याची नवी पानं तीन आठवड्यांत कपासारखी वळली, नेच्यासारखी गुंडाळली तर शेणात किंवा काडात तणनाशक आलं आहे. अमिनोपायरॅलिड आणि क्लोपायरॅलिड ही तणनाशकं जनावराच्या पोटातून आणि तापलेल्या ढिगातूनही टिकून राहतात. असं एक गाडीभर शेणखत टोमॅटो, मिरची, वाटाणा, घेवडा यांच्या वाफ्यात पडलं तर तो हंगाम गेला, कधी कधी पुढचाही.

पहिल्या वर्षी पाच सेंटिमीटर जाडीचा थर, म्हणजे चौरस मीटरला ५० लिटर कंपोस्ट, वरच्या पाच-सात सेंटिमीटर मातीत दाताळ्याने मिसळतो. दुसऱ्या वर्षापासून एक ते दीड सेंटिमीटर, म्हणजे १० ते १५ लिटर, तेही नुसतं वर पसरून. त्यातल्या नत्राचा दहावा ते पाचवा हिस्साच पहिल्या वर्षी सुटतो, म्हणून दरवर्षी घातलेल्याचं मागच्या वर्षांच्या शिलकीशी मिळून काम होतं. चांगलं आहे म्हणून दरवर्षी पाच सेंटिमीटर घालणारे खूप आहेत, आणि तिथेच अहवालातला स्फुरद बोलू लागतो. भाजी नत्राच्या मानाने स्फुरद फार कमी उचलते, शेणखतात आणि कंपोस्टात त्याचा वाटा बराच जास्त असतो. तो साठत जातो. स्फुरद आयताच मिळत असेल तर मूळ मायकोरायझाला, म्हणजे मुळांशी जोडून राहणाऱ्या आणि त्यांना अन्न आणून देणाऱ्या बुरशीला, साखर देणं थांबवतं. जस्त आणि लोहाची ओढाताण सुरू होते.

या बुरशीबद्दल दोन गोष्टी वाफ्यांची फेरपालट ठरवताना कामी येतात. तिचे धागे मुळाच्या केसापेक्षाही बारीक असतात आणि मुळापासून कित्येक सेंटिमीटर दूर जाऊन स्फुरद आणतात. मूळ स्वतःच्या भोवतीच्या दोनेक मिलिमीटरमधला स्फुरद संपवून बसतं, कारण स्फुरद मातीत जवळजवळ हलत नाही. कांद्याची मुळं जाड, विरळ आणि केसांविना, म्हणून त्याला हिची गरज फार. टोमॅटो, मिरची, गाजर, काकडी, घेवडा यांनाही ती लागते. पण कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, आणि पालक-बीटच्या कुळाशी तिचं जमत नाही. कोबीनंतर लगेच कांदा लावला तर तो रडतखडत उठतो. मध्ये चवळी किंवा तागाचं एक छोटं पीक घेतलं तर बुरशी पुन्हा वाढलेली असते. मायकोरायझाच्या पुड्या कोबीच्या रोपांना लावणं म्हणजे पैसे मातीत घालणं. तसंच कंपोस्टातली लाल गांडुळं वाफ्यात सोडण्याचं. ती कुजणाऱ्या थरातच राहणारी जात आहे, मातीत टिकत नाही. मातीतली गांडुळं खायला आणि ओल मिळाली की आपोआप वाढतात.

वाफा मोकळा राहत असेल तेव्हा हिरवळीचं पीक, म्हणजे जमिनीलाच खत म्हणून परत द्यायचं पीक. ताग चौरस मीटरला पाच ग्रॅम, दाट फेकून, दाताळं फिरवून. चौथ्या-पाचव्या आठवड्यात दोन-तीन झाडं अलगद उपटून मुळांवरच्या गाठी नखाने फोडून बघाव्यात. आतून गुलाबी-लाल निघाल्या तर हवेतलं नत्र पकडण्याचं काम चालू आहे. पांढऱ्या किंवा हिरवट असतील तर नाही. मग एकतर योग्य जिवाणू नाहीत, किंवा जमिनीत नत्र आधीच इतकं आहे की झाडाला गरज वाटलेली नाही. पहिली फुलं दिसली की, साधारण ४५ ते ५० दिवसांनी, जमिनीलगत कापून तिथेच आडवं करायचं. यानंतर उशीर केला तर खोडं लाकडासारखी होतात आणि कुजताना नत्र ओढतात. रोपं दहा-बारा दिवसांनी लावता येतात. बी पेरायचं असेल तर तीन आठवडे थांबावं. ताज्या पाल्यावर वाढणाऱ्या बुरशा कोवळे अंकुर खाऊन टाकतात, आणि मग दोष बियाण्याला दिला जातो.

लावणीनंतर जमीन तापलेली असेल तर पाच ते सात सेंटिमीटर काडाचं आच्छादन, बुंध्यापासून चार बोटं दूर. बुंध्याला टेकलं की कॉलर, म्हणजे खोड जमिनीला मिळतं तो भाग, कुजते. गाजर आणि मुळ्याच्या वाफ्यावर उगवण पूर्ण होईपर्यंत आच्छादन नको. सतत ढगाळ, ओल्या दिवसांत गोगलगायी त्याखाली घर करतात. तेवढे दिवस ते बाजूला ओढून ठेवावं. काड मातीत मिसळलं तरच नत्राची चोरी होते, वर ठेवलं तर नाही. खुरपणी करताना हेच विसरलं जातं आणि काड आत जातं.

माती कामाला लागली का हे बघायला पांढऱ्या, शंभर टक्के सुती कापडाची पट्टी उभी पुरतो, १५ सेंटिमीटर खोल, वर काठीची खूण ठेवून. साठ दिवसांनी काढली की मृत जमिनीतून ती डाग पडलेली, पण अख्खी निघते. जिवंत जमिनीतून नुसते शिवणीचे धागे हाती येतात, तेही पॉलिस्टरचे असले तर. कुठल्या खोलीवर जास्त खाल्लं गेलं हेही दिसतं. वरचे पाच सेंटिमीटर गायब आणि खालचं शाबूत असेल तर तो घट्ट थर अजून तिथेच आहे.

एवढं झाल्यावर चव. मातीकडून ती आपोआप येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. वाण आणि तोडणीची वेळ यांचा वाटा मोठा असतो, आणि बेचव वाणाला कोणतीही माती सुधारत नाही. माती काय देते, तर आहे ती चव पूर्ण उतरू देते. टोमॅटोचा पहिला घोस रंगू लागला की पाणी हळूहळू कमी करतो. पाणी थोडं ओढलं की फळात साखर आणि आम्ल दाटतं. उथळ मुळांच्या, कमी कर्बाच्या जमिनीत हा प्रयोग केला तर फळाचं बूड काळं पडतं, कारण कॅल्शियम पाण्याबरोबरच फळात पोहोचतं आणि पाणी तुटलं की तेही तुटतं. पुन्हा एकदम भरपूर पाणी दिलं की फळं तडकतात. मुळं दोन-अडीच फूट खोल गेलेली आणि माती स्पंजासारखी असेल तर झाड हा ताण सहज सोसतं. रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या उपकरणावर दोन थेंब रस टाकून ब्रिक्स (रसात विरघळलेल्या साखरेसारख्या पदार्थांचा आकडा) बघावा: मोठ्या टोमॅटोत ४ ते ५ नेहमीचा, ६ च्या वर गोडसर, चेरी टोमॅटोत ८ आणि वर. आम्ल मात्र ब्रिक्समध्ये वेगळं दिसत नाही, त्यामुळे शेवटी जीभच. पूर्ण रंगलेला टोमॅटो १२ अंशांखाली ठेवू नये, त्याचा सुवास जातो.

कांदा-लसणाचा झणका आणि मुळा-मोहरीचा तिखटपणा गंधकाच्या संयुगांचा असतो. वरच्या मातीतलं बहुतेक गंधक सेंद्रिय पदार्थात बांधलेलं असतं, आणि तेही त्याच जिवांच्या हातून, त्याच गतीने सुटतं. गाजराचं गणित वेगळं. ताजं शेणखत पडलं की त्याला फाटे फुटतात आणि केसाळ मुळं येतात, म्हणून गाजर मागच्या पिकाला दिलेल्या खतावर घेतो, नवं काही घालत नाही. कडक उन्हाळ्यात वाढलेलं गाजर कडवट होतं, तिथे मातीचा दोष नसतो. काकडी कडू झाली तर आधी पाण्याच्या पाळ्या बघाव्यात.

पहिल्या हंगामात फरक थोडाच दिसतो. ढेकूळ पाण्यात टिकणं आणि पाणी मुरणं एक-दोन वर्षांत सुधारतं. सेंद्रिय कर्बाचा आकडा मात्र इतका सावकाश हलतो की दरवर्षी तपासून मन खट्टू करून घेऊ नये. तीन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच जागेतून नमुना घ्यावा. फावड्याचा ठोकळा मात्र दरवर्षी काढावा.

पीक संपलं की झाड उपटत नाही. खोड जमिनीलगत कात्रीने कापायचं, मुळं आत सोडायची. कुजल्यावर त्यांच्या जागी पोकळ्या राहतात, पाणी आणि पुढच्या पिकाची मुळं तिथूनच खाली उतरतात. अपवाद दोन: मुळांवर सूत्रकृमीच्या गाठी असतील किंवा मर रोगाने झाड गेलं असेल तर मुळासकट काढून वाफ्याबाहेर न्यायचं. वरचा निरोगी पाला ढिगावर, वाफ्यावर एक सेंटिमीटर कंपोस्ट, आणि तयार रोपं असतील तर त्याच संध्याकाळी लावणी, नाहीतर तागाचं बी.